उजव्या कुशीतले दार

होडीला दार नसते, मित्रांनो. घराला असते, कपाटाला असते, पिंजऱ्यालाही असते. पण होडीला दार म्हणजे बादलीला खिडकी. पाण्याला बाहेर ठेवणे एवढेच जिचे काम, तिच्या अंगाला कुणी जाणूनबुजून भोक पाडील काय? तरीही मला दार आहे. उजव्या कुशीला, मधोमध, गोल कोपऱ्यांचे आणि पितळी कडीचे. मी एक जुनी मोटरबोट आहे, फायबरग्लासची, पाच माणसांची. आज माझ्यावर फाटकी ताडपत्री आहे, ताडपत्रीवर वाळकी पाने आहेत. माझ्या पोटात मागच्या पावसाचे ओंजळभर पाणी साचले आहे, आणि ताडपत्रीच्या भोकातून एखादा ढग त्या ओंजळीत येऊन-जाऊन असतो. सोबतीला एवढेच. पण एके काळी माझ्या कुशीतून एक नदी पाहिली गेली. ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म तलावाकाठच्या एका लांबट, पत्र्याच्या कारखान्यात झाला. लाकडी होडीला आठवायला निदान एखादे झाड असते. मला काय आठवणार? एक साचा, आणि त्याच्या आतला उलटा, गुळगुळीत अंधार. त्या साच्याला आधी मेण चोपडले गेले, मग साईसारखा पांढरा लेप फासला गेला. त्यावर काचेच्या तंतूंचे कापड अंथरले, कापडावर रेझीन नावाचा चिकट रस, पुन्हा कापड, पुन्हा रेझीन. काच ठिसूळ, वाळलेले रेझीनही ठिसूळ. पण दोघे एकमेकांत मुरले की दगडालाही भीक घालत नाहीत.

मला घडवणाऱ्या कारागिराला सगळे 'साचेवाले काका' म्हणत. बोलणे मोजके, हात मात्र सतत चाललेले. कापडाच्या प्रत्येक थरावरून ते लहानसा रूळ फिरवीत आणि आत अडकलेले हवेचे बुडबुडे एकेक करून काठाकडे हाकलून देत. हाताखालच्या माणसांना ते सांगत, "एक बुडबुडा आत राहिला की समजा, होडीच्या पोटात एक खोटं राहिलं. आज नाही कळणार. पण कधी ना कधी ते वर येणारच."

त्याच आठवड्यात शेजारच्या साच्यातून आणखी एक होडी निघाली. माझे नाक उंच आणि टोकदार, पोट खोल, काठ भरपूर वर आलेले. तिचे नाक बोथट, तळ सपाट, काठ इतके ठेंगणे की कोंबडीनेही उडी मारून आत जावे. काकांनी मला 'चोच' म्हटले आणि तिला 'बसकी'. आम्ही दोघी लाकडी घोड्यांवर शेजारी शेजारी वाळत पडलो. खरे सांगते, मित्रांनो, मला माझ्या नाकाचा गर्व होता. बसकीकडे पाहून मला वाटे, हिला कोण नेणार?

एका दुपारी एक कुटुंब आले. बाप चष्मे बनवणारा. त्याला जगातली प्रत्येक वस्तू एकदा जवळून आणि एकदा लांबून पाहायची सवय होती. आई शिवणकाम करणारी, गळ्यात फीत इतकी कायमची की ती दागिना वाटावी. दोघांची दहा वर्षांची लेक. आणि सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, बापाची आत्या. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी भिंतीवरच्या नकाशात हाच तलाव हजारो मुलांना दाखवला होता. पण त्यावर त्या स्वतः एकदाही गेल्या नव्हत्या. आधी शाळा होती, मग भावाचे आजारपण होते, मग भावाच्या मुलाचे शिक्षण होते. माणसाच्या आयुष्यात पाणी नेहमी उद्यावर पडते.

"फिरायला हवी, काका," चष्मेवाला म्हणाला. "घरच्या घरी. रविवारी."

"घरच्या घरी फिरायचं तर अंगण आहे की," आत्याबाई मागून म्हणाल्या. काका पहिल्यांदा हसले.

त्यांनी माझ्यावर थाप मारली. "हिचं पोट खोल. लाट आली की कापत जाते, अंगावर थेंब उडू देत नाही. पण उभी असली की जरा लाडात येते, डुलते. आणि ही बसकी. ओट्यासारखी स्थिर. चढायला-उतरायला सोपी, आत नाचलात तरी हलणार नाही. पण पाणी उसळलं की आदळते. काठाकाठानं हिंडायला उत्तम."

"नदी तलावाला मिळते, तिथपर्यंत कोणती जाईल?" आत्याबाईंनी विचारले. प्रश्न वर्गात विचारावा तसा होता. आवाज मात्र तसा नव्हता.

"तिथं पाणी उसळतं, बाई. तिथं बसकीचं काम नाही. ही चोचच हवी." काकांची नजर काठीवर गेली. "पायाला काही त्रास..."

"ही पायासाठी नाही," आत्याबाई ताडकन म्हणाल्या. "ही नकाशा दाखवायची काठी आहे. सवय सुटत नाही."

लेक खुदकन हसली, सगळेच हसले, आणि त्या हसण्याखाली प्रश्न विरून गेला. मित्रांनो, बुडबुडा आत राहिला तो इथे.

आमच्या आतला लेप अजून ओला होता, त्यामुळे चार दिवस कुणी आत पाय ठेवायचा नव्हता. शिवणारीला मात्र तेवढा दम नव्हता. तिने गळ्यातली फीत काढली आणि आम्हा दोघींची अशी मापे घेतली, जशी लग्नघरातल्या बहिणींची घ्यावीत: लांबी, रुंदी, नाकापासून बाकापर्यंत, बाकापासून शेपटीपर्यंत. "ट्रायल घेतल्याशिवाय मी रुमालसुद्धा देत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "होडी घेईन होय?"

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही, नंतर पाण्यावर ऐकले. जमिनीवर जे गिळून टाकतात, ते माणसे होडीत सहज बोलून जातात. त्या बाईने घरामागच्या फरशीवर कापडावर आखायच्या खडूने आम्हा दोघींना आखले, खऱ्या मापाने, शेजारी शेजारी. बाकांच्या जागी स्टुलांवर फळ्या ठेवल्या, इंजिनाच्या जागी पाण्याचा पिंप. मग सगळ्यांना फर्मान सोडले.

"बसा. एकेका होडीत एक तास. मध्ये उठलात तर बुडलात."

"आई, मला तहान लागली तर?"

"तलावात आहेस. पाणीच पाणी आहे."

"मला आत्ताच बोट लागतेय," चष्मेवाला पोट धरून म्हणाला.

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिले. "वहिनी, काय चाललंय?"

"बोटीत बसलोय!"

"बरं, बरं. किनाऱ्याला कधी लागणार?"

"पाच वाजता!"

तासाभराने शिवणारीने मते मागितली. गुडघे कुणाचे कुणाला लागतात, डबा कुठे राहतो, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येते, याची तिने वहीत नोंद केली होती. बापाला मी हवी होते, कारण मी देखणी होते. लेकीला बसकी हवी होती, कारण तिच्यात पाय पसरून झोपता येत होते. आईचे मन बसकीकडे झुकत होते. तेव्हा आत्याबाई खडूची रेघ ओलांडून माझ्यात आल्या, बाकावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "ही. मुखापर्यंत जाणारी."

खडूची रेघ त्यांनी अशी अलगद ओलांडली होती की कुणाला शंकाही आली नाही. येणार कशी? खडूच्या होडीला लांबी असते, रुंदी असते, काठ नसतो. माणसांची मापे घेण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईने सगळ्यांची बैठक मोजली, खांदे मोजले, डबासुद्धा मोजला. पाऊल किती उचलले जाते, तेवढे मोजायचे राहिले.

बसकीला कारखान्यात सोडून मी निघाले. वळून पाहता आले असते तर मी नाक वर करूनच पाहिले असते.

पहिला रविवार मला लख्ख आठवतो. तलावाच्या या टोकाला फळ्यांचा तरंगता धक्का आहे. पाणी वाढो वा उतरो, तो त्याच्यावर एक वीत उंच राहतो. माझा काठ पाण्यावर तीन वितींहून अधिक. चष्मेवाला उडी मारून आत आला, लेक बेडकासारखी आली, शिवणारी साडीचा घोळ सावरीत आली. मग आत्याबाई. त्यांनी काठी आत दिली, माझा काठ दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय उचलला. तो धक्क्याच्या फळीवरून वितीपेक्षा थोडा वर आला आणि थांबला. त्यांच्या बोटांचे बळ माझ्या काठाला कळत होते. पण माझे खोल पोट त्या भाराने त्यांच्याकडेच कलले आणि परत मागे गेले. उभी असले की मी डुलते, हे काकांनी सांगितले होते. त्या क्षणी मला माझ्या सुंदर, खोल पोटाची पहिल्यांदा लाज वाटली.

त्यांनी पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"नवी चप्पल चावतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी इथं चपलांची राखण करते."

"चपला कोण नेणार आहे, आत्या?"

"नेणाऱ्याला काय, जोड कुणाचा ते थोडंच बघायचंय. जा म्हटलं ना."

आम्ही गेलो. पाणी कापीत मी किती छान गेले! अंगावर एक थेंब उडू दिला नाही. पण चष्मेवाला दर थोड्या वेळाने मागे वळून, डोळ्यांवर हात धरून, लहान होत जाणाऱ्या धक्क्याकडे पाहत होता. तिथे एका बाकावर तीन जोड चपला ओळीने मांडलेल्या होत्या आणि चौथी वस्तू म्हणून आत्याबाई.

दुसऱ्या रविवारी त्यांना ऊन सोसणार नव्हते. तिसऱ्या रविवारी डोके दुखत होते. मुखापर्यंत मात्र कुणी गेले नाही. तिकडे नाक वळवायची वेळ आली की चष्मेवाला म्हणायचा, "तिकडे नको. तिकडे आत्याबरोबर जाऊ." आणि आम्ही काठाकाठाने हिंडून परत यायचो, अगदी बसकीसारखे.

चौथ्या रविवारी धक्क्यावर माझ्या दोराचे वेटोळे पडले होते. वीतभर उंच, फार तर चार बोटे जास्त. आत्याबाई बाकाकडे निघाल्या. त्या दोरापाशी आल्या, थबकल्या, आणि त्यांनी त्याला पूर्ण वळसा घातला. कुणाच्या लक्षात आले नसते. पण शिवणारी हातात लाइफ जॅकेट घेऊन उभी होती आणि माणसाच्या चालीतला चुकलेला टाका तिला दिसतो.

ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. बाक माझ्या अगदी जवळ होता, म्हणून मी ऐकू शकले.

"आत्याबाई, पाय किती उचलतो?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"तू ब्लाउजची मापं घे, सूनबाई. पायांच्या भानगडीत पडू नकोस."

"कधीपासून?"

आत्याबाईंनी पाण्याकडे पाहिले. "शाळा सोडली त्याच्या आधीपासून. फळ्याशी उभं राहून राहून गुडघा आखडला. घरात दिसत नाही, कारण घरात ओलांडण्यासारखं काही नसतं."

"मग खडूच्या वेळी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बसकी घेतली असती."

"घेतलीच असती."

"आणि मग मी काठाकाठानं हिंडले असते. ते तर मी जन्मभर हिंडलेच आहे."

माझ्या अंगाखाली पाणी हळूच वाजत होते. मग चष्मेवाला पुढे आला. "एवढंच ना? मी उचलून आत ठेवतो तुला. लहानपणी तू मला कितीदा उचललं असशील."

"तू तेव्हा गाठोडं होतास, चष्म्या. मी नाहीये," आत्याबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं स्वतःच्या पायांनी वर्गात गेले. पोत्यासारखी होडीत पडणार नाही. पाण्यावर जायचं तर चालत जाईन, नाहीतर इथं बरी आहे."

स्टूल ठेवून पाहिले. धक्का डुलत होता, मी डुलत होते, दोघांमध्ये स्टूलही डुलले. लेकीने ते स्टूल गुपचूप उचलून आपल्या पाठीमागे लपवले, जणू चूक त्याची होती.

आणि म्हणून, मित्रांनो, एका मंगळवारी मला ट्रेलरवर चढवून परत कारखान्यात नेले. बसकी अजून तिथेच होती, धूळ खात, पण शांत. आम्हाला पुन्हा शेजारी ठेवले. आता निवड उलटी होती. नाकाचा गर्व कुठल्या कुठे गेला होता. ज्या माणसासाठी मला घेतले, त्या माणसाला मी आत घेऊ शकले नव्हते. होडीने याहून नापास काय व्हावे?

"बदलून देतो," साचेवाले काका म्हणाले. "पण बाई, बसकीत बसून मुखाकडं जायचं नाही. हे मी आधीच सांगतो. आदळून आदळून तुमचा दुसरा गुडघाही जाईल."

"म्हणजे एक आत घेते पण पोचवत नाही," आत्याबाई म्हणाल्या, "आणि दुसरी पोचवते पण आत घेत नाही. हे तर परीक्षेतल्या प्रश्नासारखं झालं."

शिवणारी एव्हाना माझ्याभोवती फिरत होती. तिने माझ्या काठावरून हात फिरवला, आतून चाचपले, बाहेरून चाचपले. मग म्हणाली, "काका, कपडा तंग झाला तर मी गिऱ्हाइकाला दुसरा देत नाही. शिवण उसवते." आणि पिशवीतून खडू काढून तिने माझ्या उजव्या कुशीवर एक दार आखले.

काकांनी डोक्याला हात लावला. "ताई, होडी म्हणजे परकर नव्हे!"

"ते मला कळतं."

"काठ कापला तर ताकद जाते. पाणी आत येईल."

"पाणी कुठवर येतं ते तुम्ही सांगा. मी त्याच्या वरच आखते."

"आणि कोपरे? कोपऱ्यातून तडा जाईल."

"टोकदार ठेवले तर जाईलच. काखेतही टोकदार कापलं की तिथूनच फाटतं." तिने हाताच्या पंजाने रेघ पुसली आणि कोपरे गोल केले.

काकांनी माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली, इथे, तिथे, पुन्हा इथे. आपण घडवलेल्या वस्तूवर करवत चालवायची की नाही, हा विचार करणाऱ्या माणसाचे बोट मी ओळखते. "उद्या या," ते म्हणाले. "आणि बाईंना घेऊन या. मला माप लागेल."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या लोखंडी खांबाशी आत्याबाईंना उभे केले गेले. त्या संतापल्या होत्या. "वयात आलेल्या मुलीचं मोजावं तसं माझं काय मोजताय?" पण त्यांनी काठी लेकीच्या हाती दिली, खांबाला न धरता उजवा पाय उचलला, आणि शिवणारीने त्या पावलाखाली खडूची रेघ ओढली. एक वीत आणि वर दोन बोटे. आत्याबाईंनी त्या रेघेकडे पाहिले. सत्तरीच्या माणसाला आपली उंची एवढीच दिसावी, हे सोपे नसते. पण त्या हसल्या. "नोंदवून ठेव गं," त्या लेकीला म्हणाल्या. "समुद्रसपाटीपासून आत्या."

धक्का पाण्यावर एक वीत, म्हणून दाराचा उंबरठा पाण्यावर दोन विती ठरला. पाऊल एक वीत उचलले की पुरे. वरची दोन बोटे मोकळी. "ती दोन बोटं कशाला सोडताय?" काकांनी विचारले.

"सैल," शिवणारी म्हणाली. "अंगाबरोबर शिवलेला कपडा एकच वर्ष टिकतो."

मग माझ्या अंगावर करवत चालली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखणे वस्तूंना ठाऊक नसते असे म्हणतात, तर तसे समजा. एवढेच सांगते की पांढरी धूळ उडाली, एक बोथट थंडावा कुशीत शिरला, आणि जिथे मी होते तिथे एकदम उजेड आला. कापलेला तुकडा काकांनी फेकला नाही. त्याचेच दार केले. कडांवर कापडाचे सहा नवे थर चढवले, रूळ फिरवून एकेक बुडबुडा हाकलला, बिजागऱ्या बसवल्या, पितळी कडी लावली आणि निक्षून सांगितले, "चालत्या होडीत या कडीला हात लावाल, तर मला तोंड दाखवू नका." वाळूची पोती भरून त्यांनी मला उजव्या कुशीवर झुकवून पाहिले. पाणी उंबरठ्यापर्यंत आले, थोडा वेळ थांबले, आणि परत गेले. आत यायला कुणी बोलावले नाही की पाहुणा जसा परततो.

त्या रविवारी सकाळी तलाव आरशासारखा होता. चष्मेवाल्याने दार उघडले आणि बाजूला झाला. कुणी हात पुढे केला नाही. सगळ्यांनी दुसरीकडे पाहण्याचे सोंग केले, लेकीने तर डोळेच मिटले. आत्याबाईंनी काठी टेकली, पाय उचलला, आणि उंबरठा ओलांडून त्या आत आल्या. चालत. मी त्या वेळी डुलले नाही. हे मी केले की पाण्याने केले, मला सांगता येत नाही.

बाकावर बसून त्यांनी पदर नीट केला. "दार लावा," त्या म्हणाल्या. "तास सुरू झाला."

मुखाजवळ पाणी खरेच उसळत होते. पण माझ्या चोचीचा जन्मच त्यासाठी होता. मी लाटा दुभागीत गेले आणि आत्याबाईंच्या चष्म्यावर एक तुषारही पडू दिला नाही. मग चष्मेवाल्याने इंजिन हळू केले. समोर नदी होती. निळी नव्हती. तांबूस, गढूळ, थकलेली, डोंगरांची माती कडेवर घेऊन आलेली. आणि ती तलावाला मिळून संपत नव्हती. तलावाच्या हिरव्या पाण्यात तिचा तांबूस पट्टा वेगळा दिसत होता, दूरवर, नजर पोचेपर्यंत, वाहत.

आत्याबाईंनी काठी उचलली आणि नकाशावर ठेवावी तशी हवेत ठेवली. काठीचे टोक नदीबरोबर सरकत गेले, किनाऱ्यापाशी थांबले नाही, तलावात शिरले, पुढे गेले.

"आत्याआजी, काय झालं?" लेकीने विचारले.

"पस्तीस वर्षं मी ही रेघ इथं थांबवत होते," त्या किनाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "इथं नदी संपली, असं सांगत होते. अगं, ती संपत नाही. आत शिरून वाहतच राहते." त्यांनी वाकून पाण्यात हात घातला. बराच वेळ हात तसाच होता. "हजारो पोरांना चुकीचं शिकवलं मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की कुणी त्यांचे सांत्वन केले नाही.

त्यानंतर सहा उन्हाळे त्या माझ्यात येत राहिल्या. पाय उचलण्याची उंची हळूहळू उतरत गेली. शेवटच्या वर्षी ती दोन मोकळी बोटे पुरी खर्ची पडली होती. मग एका वर्षी त्या आल्या नाहीत. पहिल्या रविवारी घरचे तिघे धक्क्यावर आले. तिघांचेही पाय धडधाकट होते. कुणीही काठावरून उडी मारू शकले असते. पण चष्मेवाल्याने दार उघडले आणि एकेक जण उंबरठा ओलांडून आत आला. पुढेही कायम तसेच. धक्क्यावरचे लोक कौतुकाने पाहायचे. "दाराची होडी," ते म्हणायचे, आणि कुणी कुणी आपल्या म्हाताऱ्यांना दाखवायला आणायचे. बसकीलाही चांगले घर मिळाले. एका पोहणे शिकवणाऱ्या बाईने तिला नेले. भेदरलेल्या मुलांना धरायला ठेंगणा काठच लागतो. मित्रांनो, मी तिच्याबद्दल जे मनात आणले होते, ते आता इथे परत घेते.

मग लेक शिकायला दूर गेली. चष्मेवाल्याच्या नजरेला लांबचे दिसेनासे झाले. रविवार कमी झाले, मग संपले. मला या कारखान्यामागच्या, अर्धे पत्रे उडालेल्या शेडमध्ये आणून ठेवले आणि ताडपत्री घातली. पहिली दोन वर्षे कुणीतरी येऊन पाणी उपसायचे. नंतर कुणी आले नाही. उन्हाने माझ्या अंगाचा तुकतुकीतपणा खाल्ला. आता माझ्यावरून हात फिरवला की पांढरी पूड लागते, अगदी खडूसारखी. जिला एकदा खडूने आखले, ती हळूहळू खडूच होत चालली आहे, असे मला कधी कधी वाटते. बिजागरी गंजली. दार अर्धवट उघडे राहते आणि त्यातून एक बेडूक ये-जा करतो. निदान तो तरी वेळेवर येतो.

मी तक्रार करीत नाही. पण तुम्हाला एक विनवणी आहे. वस्तूला वापर संपल्याने मरण येत नाही, ती विसरली गेल्याने येते. वर्षातून एकदा ताडपत्री उचला, पाणी उपसा, कडीला तेलाचा थेंब सोडा. आणि घरच्यांसाठी काही निवडायचे झाले, होडी असो, घर असो, की फिरायला जायची वाट असो, तर सर्वांत हळू येणाऱ्याचे पाऊल आधी मोजा. तो स्वतः सांगणार नाही. तो चपलांची राखण करायला बसेल.

हे सगळे मला आजच का आठवले? कारण सकाळी शेडचे दार करकरले. लेक आली होती. आता तिच्या केसांतही दोन-चार रुपेरी धागे आहेत. बरोबर शिवणारी, गळ्यात तीच फीत, आणि हातात, मित्रांनो, काठी. साचेवाले काकांचा रूळ आता त्यांच्या मुलीच्या हाती आहे, ती दारात उभी राहून सांगत होती, "बाहेर नवी तयार आहे, ताई. हलकी, झकास. ही दुरुस्त करायची तर महिना जाईल. बघा, कोणती हवी."

"आई, तू बोल," लेक म्हणाली. "तुझ्यासाठीच घेतोय."

"माझ्यासाठी कशाला? मी धक्क्यावर बसेन की. तुमच्या चपला..."

आणि ती मध्येच थांबली. आपलाच आवाज ओळखीचा वाटला की माणूस थांबतो तसे. लेकीने आईची काठी काढून घेतली, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि शेडच्या खांबाशी बोट दाखवले.

शिवणारीने नाक मुरडले. मग खांबाला न धरता पाय उचलला. लेकीने रेघ ओढली. फीत लावली, वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

"किती?" शिवणारीने विचारले.

"एक वीत. आणि वर एक बोट."

शिवणारी माझ्यापाशी आली. गंजलेली कडी तिने बोटांनी चाचपली, दार ढकलले; ते करकरत, पण पुरते उघडले. बेडूक उडी मारून बाहेर गेला. तिने माझ्या उंबरठ्यावरची पांढरी पूड तळव्याने पुसली आणि तळवा पदराला पुसला.

"एक बोट सैल उरलंय अजून," ती म्हणाली. "महिना लागतो म्हणालीस ना गं? मग आजच सुरू कर."